देश, काळ, पात्र

कर्ज घेणाऱ्याने कसे वागावे हे आपल्याकडे घरोघरी शिकवले जाते. घेतलेले फेडावे, अंथरूण पाहून पाय पसरावेत, कोणाला जामीन राहताना दहादा विचार करावा. कर्ज देणाऱ्याने कसे वागावे, हे मात्र कोणी कोणाला शिकवताना मी ऐकले नाही. माझे सगळे आयुष्य कर्ज देण्याच्या कामात गेले. वेल्हे तालुक्यात, ज्याला आता सरकारी कागदात राजगड तालुका म्हणतात, एका विकास सोसायटीचा मी सचिव होतो. गळ्यात माळ आहे, संध्याकाळी देवळात हरिपाठाला बसतो. त्यामुळे एक प्रश्न माझ्याबरोबर कायम राहिला आहे. कर्ज बुडवणे पाप आहे, हे सगळेच मानतात. कर्ज देणे हेही पाप असू शकते का? आणि असेल तर केव्हा?

सोसायटीत कर्ज द्यायची रीत काय असते ते आधी सांगतो. सभासद येतो. त्याचा सातबारा आणि आठ-अ पाहायचा. क्षेत्र किती, पीक कोणते, त्या पिकाला हेक्टरी किती कर्ज बसते ते पाहायचे. दोन जामीनदार घ्यायचे. वर्षाच्या कमाल मर्यादा पत्रकात त्याचे नाव बसवायचे. खरिपाचे कर्ज 31 मार्चच्या आत भरायचे, कारण तोवर भात झोडून, विकून हातात पैसा आलेला असतो. वेळेत भरले तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला आपल्या राज्यात व्याज पडत नाही. 1998 साली किसान क्रेडिट कार्ड आले, म्हणजे कार्ड हा शब्द आमच्या गावाला नवा नाही. पण त्या कार्डामागे जमीन असते, पीक असते आणि पिकाचा हंगाम असतो. फेडीची तारीख माणसाच्या हातात पैसा येण्याच्या तारखेला बांधलेली असते. ही रीत कटकटीची आहे, हेलपाटे घालावे लागतात, हे खरे. तरी तिच्यात एक शहाणपण आहे: देणारा आधी पाहतो की समोरचा कोण आहे, कधी मागतो आहे आणि कशासाठी.

आता दुसरी रीत. तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतला मुलगा पुण्यात कॉमर्सला होता. बाप इंद्रायणी भात करतो, घरी दोन म्हशी, दूध डेअरीला जाते. मुलगा नऱ्हे-आंबेगावकडे चौघांत एक खोली घेऊन राहायचा. कॉलेजच्या गॅदरिंगला मैदानावर एका कंपनीने मांडव घातला होता. फॉर्म भरा आणि पाठीवरची सॅक घेऊन जा. कार्डाला वार्षिक शुल्क नाही. तिथल्या पोराने याला विचारले, वडील काय करतात? हा म्हणाला, शेती. पुढचे रकाने त्या पोरानेच भरले. कार्ड आले, मर्यादा वीस हजारांची. मुलाने मोबाइल घेतला. काही महिने ‘मिनिमम ड्यू’ म्हणून येणारी रक्कम भरली, मग तीही थांबली. मग बापाच्या फोनवर फोन येऊ लागले, कारण फॉर्ममध्ये नंबर त्याचा होता.

बाप फोन घेऊन माझ्या पडवीत आला. “नाना, सोसायटीचं म्या कधी थकवलं न्हाई. ह्ये कुनाचं कर्ज म्हनत्यात?” त्या माणसाचा चेहरा मला विसरता येत नाही. त्याने न घेतलेल्या कर्जाची लाज त्याच्या तोंडावर होती.

मुलाला बोलावले. मी रागावलो नाही, फक्त विचारले, तुला कळत नव्हते का? तो म्हणाला, “कळत होतं नाना. पण सगळे फॉर्म भरत होते, आणि तिथं उभं राहून नाही म्हणायला जमलं नाही.” गीतेत अर्जुन विचारतो की माणसाची इच्छा नसतानाही कोणीतरी जोर करून ढकलावे तसा तो पापाकडे का जातो. भगवंत उत्तर देतात की तो काम आहे, क्रोध आहे. उत्तर खरेच आहे. पण काम माणसाच्या आत असतो म्हणून तो बाहेरून मुद्दाम चेतवणाऱ्याची जबाबदारी संपते का? मुलाच्या मोहाबद्दल त्याला बोल लावणारे पुष्कळ भेटतील. त्या मोहासाठी मैदानावर मांडव कोणी घातला, हे कोणी विचारत नाही.

गीतेच्याच सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि मला वाटते कर्ज देणाऱ्यासाठी सगळा धर्म तिथे आहे. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. काही मिळावे म्हणून दिलेले ते राजस. आणि चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, अपात्राला दिलेले ते तामस. देश, काळ आणि पात्र. लक्षात घ्या, हे फुकट देण्याबद्दल आहे. ज्यात देणारा काहीच परत मागत नाही, त्यालाही शास्त्र सांगते की जागा पाहा, वेळ पाहा, माणूस पाहा. मग जे व्याजासकट परत मागायचे आहे, ते देताना किती पाहिले पाहिजे? मांडवात मिळालेली ती सॅक राजस दान होती, कारण तिच्यामागे सही हवी होती. आणि सहीमागून आलेले कार्ड तिन्ही कसोट्यांवर नापास होते: जागा विद्येची, वेळ शिकण्याची, आणि घेणाऱ्याच्या हातात स्वतःची कमाई शून्य.

यातल्या काळाच्या कसोटीवर मला थोडे थांबायचे आहे, कारण आपल्या जुन्या ग्रंथांनी याचा विचार आजच्या कायद्यापेक्षा नेमका केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात ऋणाचे प्रकरण आहे. शेकडा दरमहा सव्वा हा दर त्याने धर्म्य मानला आहे. त्याच प्रकरणात त्याने काही माणसे वेगळी काढली आहेत, ज्यांच्यावरचे कर्ज वाढू द्यायचे नाही: दीर्घ यज्ञात अडकलेला, आजारी, लहान मूल, निर्धन, आणि गुरूच्या घरी शिकत असलेला. कौटिल्य काही भाबडा माणूस नव्हता. खाणीपासून हेरांपर्यंत सगळ्यांचा हिशेब ठेवणारा तो माणूस. तरी त्याने विद्यार्थ्याला यज्ञ करणाऱ्याच्या आणि आजाऱ्याच्या ओळीत बसवले. कारण त्या काळात तो माणूस कमावू शकत नाही आणि त्याने कमावू नये अशीच समाजाची इच्छा असते. त्याच्यावर व्याज चालू ठेवणे म्हणजे त्याचे शिक्षण संपण्याआधी त्याला बाजारात ओढणे.

तैत्तिरीय संहितेत तर म्हटले आहे की ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मतो: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटते. याचा अर्थ विद्यार्थी आधीच ऋणको आहे आणि शिकणे हीच त्याची परतफेड आहे. त्या फेडीच्या मधोमध येऊन त्याच्यावर मोबाइलचे ऋण टाकणारा पहिल्या धनकोच्या वसुलीत आडवा येतो आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाला वरची मर्यादा आहे: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापलीकडे जाऊ नये. यालाच आपण दामदुप्पट म्हणतो, आणि हा नियम मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही मानला. 1946 च्या मुंबई सावकारी कायद्यातही होते की थकलेल्या व्याजापोटी मुद्दलाहून जास्त रकमेचा हुकूमनामा न्यायालयाने देऊ नये. बँका मात्र या कायद्याच्या बाहेर राहिल्या.

आता हिशेब करू, तो माझ्या हाताला सवयीचा आहे. सव्वा टक्का दरमहा सरळ व्याजाने मुद्दल दुप्पट व्हायला ऐंशी महिने लागतात, म्हणजे सहा वर्षे आठ महिने. कार्डावर आज साधारण साडेतीन टक्के महिना पडतात, आणि व्याजावर व्याज. वीस महिन्यांत मुद्दल जवळजवळ दुप्पट. पदवीच्या तीन वर्षांत, दंड आणि कर बाजूला ठेवले तरी, दहा हजारांचे साडेचौतीस हजार होतात. आणि मिनिमम ड्यू भरत राहिले तर? वीस हजार थकले आहेत, मुलाने एक हजार भरले. त्यातले सातशे व्याजात गेले, व्याजावरच्या जीएसटीत एकशे सव्वीस गेले. मुद्दल उतरले एकशे चौऱ्याहत्तर रुपयांनी. हा हिशेब मी त्या मुलापुढे कागदावर मांडला तेव्हा तो कितीतरी वेळ कागदाकडे पाहत राहिला. कॉमर्सचा विद्यार्थी होता तो.

2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाचे व्याज वर्षाला तीस टक्क्यांच्या वर घेणे अनुचित ठरवले होते. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा विषय आहे, असे म्हटले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण मनूपासून मुंबई इलाख्यापर्यंत जी एक वरची रेघ होती, ती या व्यवहारात उरली नाही, हेही तितकेच खरे.

पुणे जिल्ह्यात हा वाद नवा नाही. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. आमचा मुलूख तेव्हा भोर संस्थानात, पंतसचिवांच्या अमलाखाली, त्यामुळे ते सगळे आमच्या शेजारी घडले. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. न्यायमूर्ती रानडे यांनी त्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. त्या कायद्यात एक मोठी गोष्ट होती. न्यायालयाने रोख्यावरची सही पाहून थांबायचे नाही, व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासायचा: मुळात किती दिले, केव्हा दिले, कसे वाढवले. सही म्हणजे संमती, आणि संमती दिली की धर्म संपला, हे तेव्हाच्या इंग्रज सरकारलाही मानता आले नाही. सुप्यात कागद जळले तेव्हा ते त्याला कळले.

योगायोगाने त्याच 1875 साली सज्ञानतेचा कायदा झाला आणि अठरा वर्षे पूर्ण झालेला माणूस करार करायला मोकळा झाला. माझ्याशी वाद घालणारे तरुण हाच मुद्दा पुढे करतात. अठराव्या वर्षी मत देता येते, मग कार्ड का नको? तुम्ही आम्हाला लहान समजता का? हा आक्षेप मला मान्य आहे आणि मी त्याचा आदर करतो. माझे म्हणणे त्यांच्या हक्काविरुद्ध नाहीच. कोणाला कर्ज हवे असेल तर त्याने बँकेत जावे, अर्ज करावा, बँकेने तपासून द्यावे. स्वतःच्या पायाने बाजारात जाणे हे स्वातंत्र्य आहे. बाजाराने वर्गाच्या दारात येऊन उभे राहणे हे त्या बाजाराचे स्वातंत्र्य झाले, विद्यार्थ्याचे नव्हे. मतदानाचेच उदाहरण घ्यायचे तर मतदान केंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचाराला बंदी असते. मतदार लहान आहे म्हणून ती नाही. निर्णय घेताना त्याला थोडी शांत जागा मिळावी म्हणून आहे.

कर्ज म्हणजेच वाईट, असेही मी म्हणत नाही. बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात अऋणी असण्याचे सुख एक आहे. महाभारतात यक्षाला उत्तर देताना युधिष्ठिरही ऋण नसलेल्या माणसाला सुखी म्हणतो, मग त्याच्या घरी साधी भाजी का शिजेना. पण आमच्याकडचा शेतकरी पेरणीला कर्ज काढल्याशिवाय उभा राहू शकत नाही, हे मी रोज पाहिले आहे. शिक्षणासाठीही कर्ज लागते. बँकांच्या शैक्षणिक कर्जात शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता मागत नाहीत. तिथे कौटिल्याचे शहाणपण अजून जिवंत आहे. एकाच मुलाला एक बँक म्हणते, आधी शीक, मग फेड. आणि दुसरी म्हणते, येत्या वीस तारखेला भर. या दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालतात.

तुकोबांनी गहाणखते इंद्रायणीत बुडवली, ही परंपरेने सांगितलेली गोष्ट कीर्तनात आपण ऐकतो. महिपतींनी ती लिहिली आहे. ऐकणारे बहुधा इतकेच लक्षात ठेवतात की तुकोबांनी कर्जे माफ केली. मला त्यातला एक बारकावा फार मोलाचा वाटतो. त्यांनी आधी भाऊ कान्होबांचा निम्मा वाटा वेगळा काढून दिला आणि स्वतःच्या वाट्याचे कागद तेवढे बुडवले. भावाच्या पैशावर त्यांनी स्वतःचे औदार्य केले नाही. मी सोसायटीत होतो, तिथला पैसा सभासदांचा. त्यामुळे थकबाकीदार कितीही जवळचा असला तरी मला माफ करता येत नसे, आणि ते योग्यच होते. म्हणूनच त्या मुलालाही मी सांगितले की घेतलेले फेडायचे. बापाने एक म्हैस विकली, बँकेशी बोलून एकरकमी तडजोड झाली, कार्ड बंद झाले. मुलाचा धर्म त्याने पाळला. पण तुकोबांच्या गोष्टीत निर्णय घेतो तो धनको. दुष्काळ डोळ्यांनी पाहिल्यावर, घरातली माणसे गमावल्यावर, त्यांनी स्वतःला विचारले की हे येणे मला शोभते का. हा प्रश्न आज कोणत्या कंपनीच्या सभेत विचारला जातो?

अमेरिकेत 2009 साली क्रेडिट कार्डांचा नवा कायदा झाला. एकवीस वर्षांखालच्या अर्जदाराने एकतर स्वतःची कमाई दाखवायची, नाहीतर सज्ञान मोठ्या माणसाची सही आणायची. कॉलेजच्या आवारात किंवा जवळपास, अर्ज भरावा म्हणून विद्यार्थ्यांना भेटवस्तू देता येत नाही. कॉलेजांचे कार्ड कंपन्यांशी काय करार आहेत तेही उघड करावे लागते. गीता त्यांनी वाचली होती म्हणून नव्हे. पोरे कर्जात बुडताना पाहून ते या ठिकाणी आले. तरी निघाले तेच: देश, काळ, पात्र.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या जुन्या परिपत्रकांत विद्यार्थ्यांचा नावानिशी उल्लेख होता, की स्वतःचे उत्पन्न नसलेल्यांना कार्ड देताना सावधगिरी बाळगा. एप्रिल 2022 च्या निर्देशांत न मागता कार्ड देण्यास मनाई आहे, अर्जदाराची स्वतःची ऐपत पाहण्याची अट आहे. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. हे चांगले आहे. पण हे नियम पात्राबद्दल बोलतात. देशाबद्दल बोलत नाहीत. मांडव कुठे घालायचा, सॅक कुठे वाटायची, हे मोकळेच आहे. आणि आता मांडवाचीही गरज उरत नाही, मोबाइलमधले ॲप वसतिगृहाच्या खाटेपर्यंत पोहोचते. त्यामुळे नियमही त्या खाटेपर्यंत पोहोचले पाहिजेत. एकवीस वर्षांपर्यंत, स्वतःची कमाई नसेल तर, पालकाच्या सहीशिवाय उधारीची मर्यादा देऊ नये. महाविद्यालय आणि वसतिगृह यांच्या आवारात कर्जाचा प्रचार नको, भेटवस्तू तर नकोच. आणि शिक्षण चालू असेपर्यंत व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये. यातली एकही मागणी नवी नाही. आपल्या मातीत किंवा अमेरिकेत ती कधी ना कधी होऊन गेली आहे.

शिक्षणसंस्थांबद्दल बोलताना मला साताऱ्याच्या लक्ष्मीबाई पाटील आठवतात. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटात अन्न जावे म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. शिकणाऱ्याची अडचण वडीलधाऱ्यांनी अंगावर घ्यायची, ही महाराष्ट्रातल्या शिक्षणाची रीत आहे. कमवा व शिका योजना त्याच रीतीतून आली. त्या रीतीत वाढलेल्या महाविद्यालयाने गॅदरिंगच्या खर्चासाठी मैदानाचा कोपरा कर्ज विकणाऱ्याला द्यावा, हे मला सहन होत नाही.

भोर आणि वेल्ह्यातून दरवर्षी कितीतरी मुले-मुली पहिल्यांदाच घराबाहेर पडून शिकायला जातात. त्यांच्या आईबापांना माझे सांगणे आहे की मुलाचा फोन तपासू नका, पण कार्डाबद्दल त्याच्याशी मोकळेपणाने बोला, आणि काही घेतले असेल तर न ओरडता ऐका. आणि महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांना, प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पुढच्या गॅदरिंगला असा मांडव घेऊ नका. खर्चाला पैसे कमी पडले तर माजी विद्यार्थ्यांकडे मागा, गावांकडे मागा, सोसायट्यांकडे मागा. आम्ही देऊ.